मावळच्या रानातील लेणे कोणाचे?

दिवाळीला चोपडापूजन झाले की नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचा स्वस्तिक उमटतो आणि त्याखाली ठरलेल्या ओळी लिहिल्या जातात. गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्राची ऋद्धी, कयवन्ना शेठचे सौभाग्य, अभयकुमारांची बुद्धी. पुढची पाने मग उधारी-जमेने भरतात. शंभर वर्षांनी ती वही एखाद्या माळ्यावर सापडली, पुठ्ठा गेलेला असला, पेढीचे नाव वाळवीने खाल्लेले असले, तरी पहिले पान शाबूत असेल तर ती कोणत्या घरची हे जाणकार क्षणात सांगतो.

मावळच्या डोंगरात, कारवी आणि जांभळाच्या झाडीत, असे एक पहिले पान दगडावर कोरलेले आहे. त्याची पुढची पाने हरवली आहेत. ती वही कोणाची, या प्रश्नाचा उलगडा गेली पन्नासहून अधिक वर्षे चालू आहे, आणि जैन घरातील वाचकाने या प्रश्नाकडे जरा अधिक बारकाईने पाहावे अशी काही कारणे त्यातच दडलेली आहेत.

काळेवाडीच्या घरांत नळाला येणारे पाणी पवनेचे. रावेतच्या बंधाऱ्यावर ते उचलले जाते, शुद्ध होते आणि पिंपरी, रहाटणी, थेरगाव, काळेवाडीच्या टाक्यांत चढते. नदी मात्र वरून, पवन मावळातून येते. तिच्या उत्तरेला डोंगराची एक रांग आहे, त्या रांगेवर लोहगड आणि विसापूर हे जुळे किल्ले, आणि पलीकडच्या खोऱ्यात इंद्रायणी. पिंपरी किंवा चिंचवड स्थानकावरून लोणावळ्याची लोकल धरली की बेगडेवाडी-घोरावाडीच्या आसपास शेलारवाडीचा डोंगर दिसतो, मग तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली. प्रत्येक स्थानकाच्या आजूबाजूला कोठे ना कोठे खडकात खोदलेली जागा आहे. काही जगप्रसिद्ध आहेत: कार्ले, भाजे, बेडसे. बाकीच्या अनेकांना नाव नाही. गावकऱ्यांनी त्यांना ‘पांडवलेणी’ म्हटले, एका रात्रीत पांडवांनी कोरली अशी गोष्ट सांगितली आणि गुरे पावसात तेथे उभी केली. महाराष्ट्रात जे लेणे कोणाचे हे ठाऊक नाही ते पांडवांचे, हा जुना आणि सोयीचा न्याय आहे.

मावळ तालुक्यातील पाले येथील लेणे याच अनामिकांपैकी एक होते. कार्ल्यासारखा भव्य चैत्य तेथे नाही. स्तंभांवरची हत्ती-घोड्यांची जोडपी नाहीत, कमान नाही, मूर्ती नाही. साधी खोदीव जागा आणि पाण्याचे टाके एवढेच. पर्यटकाने वाट वाकडी करावी असे तेथे काही नव्हते. १९६९ साली आर. एल. भिडे यांना तेथील भिंतीवर अक्षरे आढळली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील ह. धी. सांकळिया आणि शोभना गोखले यांनी ती वाचली, आणि एका सामान्य गुहेची गणना एकाएकी महाराष्ट्राच्या प्राचीनतम लेखस्थळांत होऊ लागली.

लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. अक्षरांचे वळण साधे, सरळ. पुढील काळातील ब्राह्मीत अक्षरांना डोक्याशी खुणा येतात, रेघा वळतात, नटतात. येथे तसे काही नाही. ‘क’ म्हणजे बेरजेचे चिन्ह, ‘न’ म्हणजे आडव्या रेघेवर उभी केलेली काठी. या वळणावरून अभ्यासक लेखाचा काळ इसवी सनापूर्वीचे दुसरे ते पहिले शतक असा मांडतात. म्हणजे सुमारे दोन हजार ते बावीसशे वर्षे.

लेखाचा आरंभ ‘नमो अरहंतानं’ असा आहे.

हे शब्द वाचायला ब्राह्मीचे तज्ज्ञ लागले, पण समजायला मावळातील कोणत्याही जैन घरातले पाच वर्षांचे मूल पुरे. रोज सकाळी ते हेच म्हणते. ‘नमो’ की ‘णमो’, ‘अरिहंत’ की ‘अरहंत’, यावर घराघरांत आणि परंपरांत पाठभेद आहेत. दगडावर मात्र दंत्य ‘न’ आहे, ही गोष्ट पाठभेदावर वाद घालणाऱ्यांनी आपापल्या सोयीने वापरू नये, कारण त्या काळी महाराष्ट्रातील लेखांच्या प्राकृतात सर्रास ‘न’च येतो.

नमस्कारानंतर दानाची नोंद आहे. ‘भदंत इदरखित’ म्हणजे संस्कृतात इंद्ररक्षित. त्याने ‘लेन’ आणि ‘पोढि’ करविली. लेन म्हणजे लेणे, निवाऱ्याची खोदीव जागा. पोढि म्हणजे पाण्याचे टाके. हा शब्द कान्हेरीसारख्या इतर लेण्यांतील लेखांतही भेटतो, आणि डोंगरात भटकणारी मंडळी आजही पाण्याची पोढी म्हणतात. इंद्ररक्षिताच्या नावाआधी ‘कातुनद’ असा वाचलेला एक शब्द येतो आणि शेवटी काही अक्षरे अशी आहेत की त्यांचा अर्थ नि:शंकपणे लागत नाही. मजकूर एवढाच. राजाचे नाव नाही, वर्ष नाही, गावाचा पत्ता नाही.

टाक्याचा उल्लेख लेण्याच्या बरोबरीने यावा, यात मावळच्या हवामानाचा सगळा हिशेब आहे. आषाढ-श्रावणात येथे एवढे पाणी कोसळते की शेतावर जाणारी वाट ओढा होते, आणि फाल्गुन संपता संपता त्याच डोंगरावर हंडाभर पाण्यासाठी उतरावे लागते. काळा बेसाल्ट खडक वरून पाणी वाहून नेतो, पोटात फारसे धरत नाही. त्यात टाके खोदले, तोंड लहान ठेवले, वर सावली राखली, तर पावसाचे पाणी पुढे कित्येक महिने टिकते. किल्ल्यांवरची टाकी याच तत्त्वावर चालत. इंद्ररक्षिताच्या काळी किल्ले नव्हते, वाटा मात्र होत्या. कोकणातील कल्याण-चौलच्या बंदरांकडून बोरघाटाने चढणारा माल याच पट्ट्यातून घाटावर येई आणि जुन्नर, पैठण, तेरकडे जाई. बैलांच्या तांड्याला आणि सोबतच्या माणसांना वाटेत दोन गोष्टी लागत: डोक्यावर छप्पर आणि घोटभर पाणी. पोढी खोदवणारा माणूस कोणत्याही धर्माचा असो, त्याला या वाटेची गरज कळलेली होती.

इथवर सारे सरळ आहे. खरे कोडे येथून पुढे सुरू होते.

पाल्याच्या आजूबाजूचा सारा डोंगरपट्टा बौद्ध लेण्यांचा आहे. कार्ले, भाजे, बेडसे, शेलारवाडी, सर्वत्र बौद्ध भिक्षूंसाठी दिलेली दाने. त्या लेखांत ‘भदंत’ हा शब्द वारंवार येतो. ‘अरहंत’ हा शब्दही बौद्धांना परका नाही; अर्हत्पद ही त्यांच्या साधनेची सर्वोच्च अवस्था आणि स्वत: बुद्धांनाही हे विशेषण लावले जाते. मग दोन शब्द ओळखीचे वाटले म्हणून हे लेणे आपले, असे म्हणणे घाईचे नाही का? बौद्ध अभ्यासकाने हा प्रश्न विचारला तर त्यात आकस नाही. तो विचारलाच पाहिजे.

उत्तर शोधताना वहीचे पहिले पान पुन्हा उपयोगी पडते. त्या काळातील लेखांचे आरंभ शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. त्याच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपाल यांना नमन आहे. यज्ञ करणाऱ्या राजघराण्याचे ते पहिले पान. पश्चिम महाराष्ट्रातील अनेक बौद्ध लेख ‘सिधं’ या मंगलशब्दाने सुरू होतात. आणि ओडिशात, भुवनेश्वरजवळच्या उदयगिरीवर, कलिंगाचा राजा खारवेल याचा हाथीगुंफा लेख आहे. तो अरहंतांना आणि सर्व सिद्धांना नमस्कार करून सुरू होतो. खारवेल जैन होता, तेथील गुंफा जैन श्रमणांसाठी होत्या, याविषयी वाद नाही. मथुरेच्या कंकाली टिळ्यावर सापडलेल्या जैन आयागपटांवरही अरहंतांना नमस्कार असाच कोरलेला आहे. अनेकवचनी अरहंतांना, कोणाही एकाचे नाव न घेता, आरंभीच वंदन करण्याची ही पद्धत ज्यांच्या लेखांत ठळकपणे दिसते ते जैन आहेत. बौद्ध लेखात नमन येते तेव्हा रोख बहुधा बुद्ध भगवंतांकडे असतो.

‘भदंत’ शब्दाची अडचणही वाटते तेवढी मोठी नाही. सामायिक घेताना म्हटल्या जाणाऱ्या ‘करेमि भंते’ सूत्रातील ‘भंते’ म्हणजे हाच ‘भदंत’, असे जैन टीकाकारांनीच सांगून ठेवले आहे. श्रमणांना आदराने हाक मारण्याचा तो सामाईक शब्द होता. आज ‘महाराज’ हा शब्द जैन साधूला, वारकरी कीर्तनकाराला आणि छत्रपतींना सारखाच लागतो. दोन हजार वर्षांनी कोणी एखाद्या पाटीवर नुसते ‘महाराज’ वाचून निर्णय दिला तर जे होईल, तेच ‘भदंता’वरून निर्णय दिल्यास होते. नावांचेही तसेच. इंद्ररक्षित या नावात इंद्र आहे, पण त्यावरून काही ठरत नाही. त्या काळी इंद्राचा उत्सव मोठा लोकप्रिय होता. कालकाचार्यांची कथा घरोघरी माहीत आहे: प्रतिष्ठान म्हणजे आजच्या पैठणला सातवाहन राजाने विनंती केली, की भाद्रपद शुद्ध पंचमीला इंद्रमहोत्सव असतो, तेव्हा पर्युषणाचा दिवस बदलावा, आणि आचार्यांनी चतुर्थी दिली. मूर्तिपूजक परंपरेत संवत्सरी चौथीला येते तिचे मूळ या कथेत सांगितले जाते. कथा म्हणूनच ती घ्यावी. पण तिच्यात महाराष्ट्राची एक आठवण आहे: सातवाहनांच्या राजधानीत जैन आचार्यांचा शब्द चाले आणि त्याच नगरीत इंद्राची मिरवणूकही निघे.

एवढ्या पुराव्यावर पाल्याचे लेणे जैन ठरवून मोकळे होता येईल, आणि बहुतेक लेख तेथेच थांबतात. परंतु लेखातील एक साधे क्रियापद जैन वाचकाला थांबवते. इतरांच्या नजरेतून ते सहज निसटेल.

तो शब्द आहे ‘कारापितं’. अर्थ: करविले.

साधूचे प्रत्याख्यान तीन करण आणि तीन योगांनी असते. करणे नाही, करविणे नाही, करणाऱ्याला अनुमोदन देणे नाही. मनाने, वचनाने, कायेने. पृथ्वीकायाची हिंसा त्याला वर्ज्य, म्हणून तो जमीन खोदत नाही आणि खोदवतही नाही. अप्कायाची हिंसा वर्ज्य, म्हणून तो टाके, विहीर, तळे बांधवत नाही. टाक्यातील कच्चे पाणी सचित्त, म्हणून ते पीतही नाही. श्रावकाच्या घरी उकळलेले, अचित्त झालेले पाणीच तो गोचरीत घेतो. मग भदंत इंद्ररक्षित हे जैन साधू असतील तर त्यांनी डोंगर फोडून लेणे आणि पोढी ‘करविली’ कशी? दुसरे करण तर येथे दगडावर, स्वत:च्या नावाने, कोरलेले आहे.

समकालीन जैन लेखांशी तुलना केली की अडचण अधिकच टोचते. उदयगिरीवर खारवेलाच्या पट्टराणीने कलिंगाच्या श्रमणांसाठी लेणे करविले. करविणारी राणी, राहणारे श्रमण. मथुरेत दान देणाऱ्या बहुतांशी श्राविका, कोणी सोनाराची पत्नी तर कोणी व्यापाऱ्याची सून, आणि साधूचा उल्लेख येतो तो त्यांच्या उपदेशाने हे दान झाले एवढ्यापुरता. तमिळनाडूत मदुराईजवळच्या मांगुळमच्या डोंगरावर याच सुमाराचे तमिळ-ब्राह्मी लेख आहेत. इरावतम् महादेवन यांनी ते वाचून दाखवले. तेथे पांड्य राजाचे अधिकारी आणि वेळ्ळरै गावची व्यापाऱ्यांची श्रेणी दान देतात आणि घेणारे जैन मुनी आहेत. मुनींची झोपण्याची दगडी शय्या सुद्धा गृहस्थांनी कोरवून दिलेली. व्यापारी श्रेणी आणि जैन संघ यांचे नाते किती जुने आहे हे पाहायचे असेल तर त्या डोंगरासारखा पुरावा नाही. पण प्रत्येक ठिकाणी रेषा स्पष्ट आहे. गृहस्थ करवितो, साधू वापरतो. याउलट पश्चिम महाराष्ट्रातील बौद्ध लेण्यांत भिक्षू आणि भिक्षुणी स्वत: दाते म्हणून येतात, कार्ल्याला येतात, कान्हेरीला येतात. पाल्याचा लेख या एका बाबतीत बौद्ध शेजाऱ्यांच्या बाजूला झुकतो, हे मान्य करावेच लागते.

यातून वाट कशी काढावी? एक शक्यता अशी की भदंत हे येथे साधूपद नसून आदराचे संबोधन आहे आणि इंद्ररक्षित हा कोणी मान्यवर श्रावक असावा. ओढाताण होते, कारण अशा लेखांत भदंत सामान्यत: प्रव्रजितांनाच लागतो. दुसरी शक्यता, ‘कातुनद’ हे खऱ्या दात्याचे नाव असावे आणि इंद्ररक्षितांची प्रेरणा असावी. मथुरेच्या धर्तीवर ते बसते, पण त्यासाठी वाक्याची रचना थोडी हवी तशी वाकवावी लागते. तिसरी शक्यता ऐकायला अवघड आणि तरीही सर्वांत संभवनीय आहे. बावीसशे वर्षांपूर्वी, मगधापासून दूर, नव्या मुलुखात आलेल्या श्रमणांचा आचार ग्रंथात नंतर स्थिरावलेल्या आचाराशी शब्दश: जुळत नसावा. जैन संघाच्या इतिहासाला हे नवीन नाही. मथुरेच्या शिल्पांत हातावर वस्त्राचा तुकडा घेतलेले अर्धफालक साधू दिसतात, जे आज कोणत्याही संप्रदायात नाहीत. पुढे चैत्यवासी झाले, त्यांच्याविरुद्ध सुविहित आचार्य उभे राहिले. यतींच्या गाद्या तर आजोबांच्या पिढीपर्यंत होत्या. आचार बदलत, घसरत, पुन्हा सावरत आलेला आहे. इंद्ररक्षितांना आजच्या कसोटीवर नापास करून त्यांचे लेणे दुसऱ्याच्या पदरात टाकणे जितके चुकीचे, तितकेच त्यांच्या क्रियापदाकडे डोळेझाक करणेही.

पाल्याचा लेख एकटा होता तोवर आणखी एक शंका काढता येत होती: एखादा अपवाद, कोरणाऱ्याची लहर. ती शंका २०१९ मध्ये विरली. पुण्याच्या काही गिर्यारोहकांना लोहगडाच्या पूर्वेकडील कड्यातील एका लेण्यात ब्राह्मी अक्षरे दिसली. डेक्कन कॉलेजचे डॉ. श्रीकांत प्रधान यांनी ती वाचली. आरंभी तोच अरहंतांना नमस्कार. पुढे तेच नाव, इदरखित. आणि पुन्हा दानाचा विषय तोच, पाण्याचे टाके व दगडी आसने. लिपीचे वळणही त्याच सुमाराचे.

एका खोऱ्यातला माणूस दुसऱ्या ठिकाणी भेटला की तो खरा वाटू लागतो. दोन वेगवेगळ्या डोंगरांवर एकाच नावाने पाणी आणि निवारा यांची सोय केली गेली, याचा अर्थ ही एखाद्या दिवसाची हौस नव्हती. कोणी तरी ठरवून, ये-जा करून, कारागीर लावून, पैसा उभा करून हे काम चालवत होते. लोहगड आज ओळखला जातो तो शिवछत्रपतींच्या पराक्रमामुळे. २०२५ साली मराठ्यांच्या किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला त्यात त्याचे नाव आहे. गायमुख खिंडीतून चढणाऱ्या हजारो पावलांना मात्र हे ठाऊक नसते की गडाच्या कुशीत, शिवकाळाच्याही सतराशे-अठराशे वर्षे आधीची, नमस्काराची एक ओळ आहे.

ही जागा कोणाची, हे ठरवण्याची घाई किती महाग पडते याचे दाखले महाराष्ट्रात कमी नाहीत. धाराशिवच्या लेण्यांत आज पार्श्वनाथ आहेत, करकंडू राजाची जैन कथा त्यांच्याशी जोडलेली आहे. पण लेणी मुळात बौद्ध असून नंतर जैन झाली असे मत म. के. ढवळीकरांसारख्या पुरातत्त्वज्ञांनी मांडले. जुन्नरच्या मानमोडी डोंगरावर बौद्ध लेण्यांत नंतरच्या जैन मूर्ती आल्या आणि त्या गटाला अंबिकेचे नाव मिळाले. शेलारवाडीचे बौद्ध विहार आज घोरावडेश्वर म्हणून महाशिवरात्रीला गजबजतात. तेथील एका जुन्या लेखात धेनुकाकटच्या एका शेतकरी कुटुंबातील स्त्रीचे दान नोंदले आहे आणि तिच्या नवऱ्याचे नाव उसभणक, म्हणजे ऋषभणक आहे. ऋषभ नाव पाहून कोणी त्या लेण्यावर जैन हक्क सांगितला तर तो हास्यास्पद ठरेल. ज्या कसोटीने शेलारवाडीला हक्क सोडायचा, त्याच कसोटीने पाल्याला तो सांगायचा. पहिली ओळ आपली आहे. नावावरून, कथेवरून, शेजारावरून निर्णय नको.

सर्व बाजू पाहता पाले आणि लोहगडची लेणी जैन परंपरेची मानण्याकडे पारडे झुकते, आणि महाराष्ट्रातील जैन अस्तित्वाचा हा सर्वांत जुना कोरीव पुरावा ठरतो. वेरूळच्या इंद्रसभा-जगन्नाथसभेच्याही सुमारे एक हजार वर्षे आधीचा. मारवाड-गुजरातेतून दोन-चार पिढ्यांपूर्वी आलेल्या व्यापारी कुटुंबांना ‘तुम्ही मूळचे कुठले’ हा प्रश्न अजून ऐकावा लागतो. कुटुंब कुठले, याचे उत्तर या लेखात नाही. जो नमस्कार ती कुटुंबे सोबत घेऊन आली, तो येथे आधीपासून होता, एवढे मात्र आहे.

अशा शोधानंतर समाजात उत्साह येतो आणि उत्साहाबरोबर सिमेंटही. मूर्ती बसवावी, फरशी घालावी, भिंतीला रंग द्यावा, पत्र्याची शेड आणि देणगीदारांच्या नावांचा संगमरवर लावावा, ही इच्छा भक्तीतूनच येते. पण येथे पुरावा म्हणजे भिंतीचा पृष्ठभागच आहे. अक्षरांची खोली थोडकीच. चुन्याचा एक हात, तेल-शेंदराचा एक लेप, तारेच्या ब्रशने केलेली भक्तिभावाची एक ‘स्वच्छता’, आणि दोन हजार वर्षांचा मजकूर वाचता येईनासा होतो. मग ‘कातुनद’चा अर्थ पुढच्या पिढीतील कोणी लावू म्हटले तरी लावणार कशावरून? दगडावर ओला कागद थोपटून त्यावर शाई फिरवत ठसा घेण्याची जुनी पद्धत आहे. तीही सरावलेल्या हातांनीच करावी. मूर्ती बसवण्यास गावोगाव जागा आहे. मूर्तीविना असणे हेच या लेण्याचे वय सांगते.

ज्यांना समजून घेण्यासाठी भव्य मांडणी हवी त्यांची सोय याच परिसरात झाली आहे. परवडी येथे इंद्रायणीच्या काठी, जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगत, नोव्हेंबर २०२४ मध्ये अभय प्रभावना हे संग्रहालय खुले झाले. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सचे अभय फिरोदिया यांच्या पुढाकाराने सुमारे पन्नास एकरांवर ते उभे आहे. जैन तत्त्वविचार आजच्या माणसाला दाखवणारी दालने, उंच मानस्तंभ, प्रकाश, ध्वनी. जागेची निवड करताना पाल्याचे प्राचीन लेणे जवळ आहे, हेही लक्षात घेतले गेले. एकाच खोऱ्यात दोन्ही टोके आहेत. एका ठिकाणी सारे समजावून सांगितले जाते, दुसऱ्या ठिकाणी काहीच नाही. मुलांना एकाच सुट्टीत दोन्ही दाखवावे. मात्र क्रम उलटा ठेवावा, आधी डोंगर आणि मग संग्रहालय.

डोंगरावर जाताना पावसाळा टाळावा. शेवाळ धरलेल्या कातळावर पाय टिकत नाही, आणि ओल्या काळ्या भिंतीवर अक्षरेही ओळखू येत नाहीत. कार्तिक उलटला की भिंत कोरडी पडते. पाण्याची बाटली घरूनच न्यावी, टाक्यात काही टाकू नये, गावातील माहीतगार सोबत घ्यावा. भिंतीवर हात फिरवू नये. डोक्यावरच्या उन्हात कोरीव रेघा दिसतच नाहीत. भिंतीच्या बाजूने तिरपा उजेड आला की प्रत्येक खाचेत बारीक सावली भरते. सोबत विजेरी असेल तर ती समोरून न धरता भिंतीला लगटून, आडवी धरावी. मग आधी बेरजेचे चिन्ह सापडते, ‘क’. त्यानंतर काठी, ‘न’. पहिली ओळ त्याच ‘न’ने सुरू होते.